डायलिसिसची डोकेदुखी आणि पाण्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

ही उत्तरं प्रौढ रुग्णांसाठी आहेत. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास मशीनवर डायलिसिस घेणारा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला आहे.

प्रश्न : डायलिसिस सुरू होऊन दोन-अडीच तास झाले की माझं कपाळ आणि कानशिलं ठणकायला लागतात. रात्री झोपलो की थांबतं. कोरडं वजन, म्हणजे अंगात साचलेलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ५८ किलो आहे, दर वेळी साधारण ३.४ लिटर पाणी काढतात. हे बीपीमुळे, मशीनमुळे की आणखी कशामुळे?

उत्तर : डोकं कुठे दुखतं यापेक्षा केव्हा दुखतं, हे इथे जास्त कामाचं. कपाळ, कानशिलं, दोन्ही बाजूंचा ठणका असं बहुतेकांचंच असतं; त्यावरून कारण कळत नाही. वेळेवरून बरंच कळतं. म्हणून पुढच्या चार-पाच वेळांना एका कागदावर एवढं लिहून ठेवा : दुखणं कितव्या तासाला सुरू झालं, नेमकं तेव्हाचं बीपी किती होतं, त्या दिवशी एकूण किती पाणी काढायचं ठरलं होतं, आणि शेवटचं खाणं व शेवटची चहा-कॉफी किती वाजता झाली. ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगितलं तर गोळी मिळते. हा कागद दाखवला तर मशीनवरचे आकडे बदलण्याची शक्यता वाढते.

तुमच्या वेळेला पहिला संशय पाणी ओढण्याच्या वेगावर. मशीन पाणी काढतं ते रक्तातून. साचलेलं पाणी मात्र बहुतेक पेशींच्या भोवतालच्या जागेत असतं आणि तिथून रक्तात झिरपायला त्याला वेळ लागतो. मशीनचा वेग झिरपण्यापेक्षा जास्त झाला की रक्ताचं आकारमान घटतं आणि बीपी घसरतं. सतत जांभया, कपाळावर घाम, मळमळ, पोटरीत गोळा ही त्याची लक्षणं. जांभया पुष्कळदा आधी येतात आणि त्यांच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही.

आता तुमचा हिशेब. काढायचं पाणी ३.४ लिटर. शेवटी नळ्यांमधलं रक्त परत देताना सुमारे ३०० मिली सलाईन शरीरात जातं, तेही काढावं लागतं. म्हणजे ३७०० मिली. त्याला ४ तासांनी भागा, मग ५८ किलोंनी भागा. ताशी, किलोमागे जवळजवळ १६ मिली होतात. हा आकडा १३ च्या आत ठेवावा असं मानतात. हृदय कमजोर असेल तर १० च्या आसपास. तेवढंच पाणी ५ तासांत काढलं तर आकडा १२.८ वर येतो. रुग्णांना हा जास्तीचा तास अजिबात आवडत नाही, पण अशा डोकेदुखीवर त्याच्याइतका गुण फार कमी गोष्टींना येतो. वेळ वाढवायची नसेल तर दोन डायलिसिसच्या मध्ये तुमचं वजन २.७ किलोंच्या वर जाता कामा नये. ते कसं साधायचं, हे पुढच्या प्रश्नात आलं आहे.

डायलिसेटचं, म्हणजे मशीनमधल्या द्रावणाचं, तापमान ३७ अंश असेल तर ते ३६ किंवा ३५.५ करता येईल का, विचारा. थंडाव्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि बीपी टिकतं. थोडी हुडहुडी भरेल, पांघरूण जवळ ठेवा. मशीनवर असताना भरपेट जेवू नका, कारण जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि बीपी आणखी खाली येतं. पण इन्सुलिन घेऊन उपाशीही जाऊ नका. साखर उतरली तरी डोकं दुखतं. दीड-दोन तास आधी हलकं खाणं बहुतेकांना मानवतं.

दुसरं कारण युरिया, म्हणजे एरवी किडनी लघवीवाटे टाकते तो टाकाऊ पदार्थ. डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला मागे राहतो. या फरकामुळे पाणी मेंदूकडे खेचलं जातं आणि डोकं दुखणं, मळमळ, अस्वस्थपणा येतो. नवीन रुग्णांमध्ये, ज्यांचा युरिया फार चढलेला असतो, हा त्रास ठळक दिसतो. म्हणून पहिली एक-दोन डायलिसिस मुद्दाम दोन-अडीच तासांची करतात आणि रक्ताचा प्रवाह मिनिटाला १५० ते २०० मिली इतका संथ ठेवतात. जुन्या रुग्णाने दोन-तीन वेळा दांडी मारली की तोही पुन्हा त्याच जागी येतो. चुकलेलं डायलिसिस जोरात प्रवाह लावून एकाच वेळी ‘भरून काढा’ असा आग्रह धरू नये, तो याचसाठी.

कागदावर त्या वेळचं बीपी उलट १८० वगैरे दिसलं तर गोष्ट वेगळी. काहींचं बीपी पाणी काढताना चढत जातं. अंगात पाणी कायमच जास्त असणं, म्हणजे ठरवलेलं कोरडं वजन खऱ्यापेक्षा वर असणं, हे त्याचं नेहमीचं कारण. शिवाय बीपीच्या काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन जातात : ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. ॲम्लोडिपिन आणि कार्व्हेडिलॉल जात नाहीत. कोणती गोळी त्या दिवशी आधी, कोणती नंतर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन नुकतंच सुरू झालं असेल किंवा त्याची मात्रा वाढली असेल, तर तेही सांगा. हिमोग्लोबिन भराभर चढलं की बीपी आणि डोकेदुखी दोन्ही वाढतात.

डायलिसिस सुरू झाल्यावर डोकेदुखीबरोबर छातीत किंवा पाठीत दुखणं, पोटात कळ, दम लागणं असं एकदम आलं तर गोळीची वाट पाहू नका, लगेच सिस्टरना हाक मारा. रक्तपेशी फुटत असल्या तर असं होतं. द्रावण जास्त गरम किंवा चुकीच्या प्रमाणात मिसळलेलं असणं, नळी पिळली जाणं, शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचाच एक प्रकार) राहणं ही त्याची कारणं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास झाला, तर संशय थेट पाण्यावर घ्यावा. डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिग्रॅच्या आत लागतं आणि ते प्रत्येक पाळीआधी तपासायचं असतं. तपासणीची वही पाहायला मागण्यात काहीही वावगं नाही. हातपाय गारठून थंडी वाजली आणि ताप आला, त्यातही मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी, असेल, तर जंतुसंसर्ग धरून चालायचं. रक्ताची तपासणी तिथेच करायला सांगा.

प्रश्न : मला दिवसाला ७५० मिली पाण्याची मुभा आहे. मी चोरून पीत नाही, तरी दोन डायलिसिसमधल्या मोठ्या सुट्टीनंतर वजन साडेतीन किलो वाढलेलं असतं आणि सगळे माझ्याकडे संशयाने बघतात.

उत्तर : ‘पाणी कमी प्या’ हा सल्ला एकटा दिला तर जवळजवळ निरुपयोगी आहे. तहान मिठामागून येते. शरीर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण हट्टाने एका जागी धरून ठेवतं, आणि त्या प्रमाणात १ लिटर पाण्यामागे सुमारे ८ ग्रॅम मीठ बसतं. म्हणजे तुम्ही ८ ग्रॅम मीठ खाल्लंत आणि लघवी होत नसेल, तर शरीर लिटरभर पाणी मागणारच, आणि मिळेपर्यंत तहान शमणार नाही. दिवसाला १२ ग्रॅम मीठ खाणाऱ्याची दीड लिटरची मागणी होते. ५ ग्रॅम खाणाऱ्याची सव्वासहाशे मिली. मोठी सुट्टी साधारण पावणेतीन दिवसांची असते. पहिल्याचं वजन त्यात चार किलोंनी वाढेल, दुसऱ्याचं पावणेदोन किलोंनी. इच्छाशक्तीचा यात फारसा संबंध नाही.

म्हणून आधी मीठ मोजा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. घरच्या स्वयंपाकातलं मीठ दिसतं तरी. पाकिटबंद खाणं, ब्रेड, चीज, सॉस, सुपाची पावडर, खारवलेले पदार्थ, बेकिंग सोडा यांतलं दिसत नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ४०० मिग्रॅ सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. चव बदलायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यानंतर जुनं खाणं खारट लागायला लागतं.

आणि ‘लो सोडियम’ मीठ वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. घरच्यांनी काळजीपोटी आणून ठेवलेली ही बरणी मिठापेक्षा धोक्याची आहे.

मीठ आवरूनही तहान लागत असेल तर तीन गोष्टी पाहा. मधुमेह असेल तर साखर : ती चढलेली असताना पाण्याला आवर घालता येत नाही. दुसरी, डायलिसेटमधलं सोडियम : ते तुमच्या रक्तातल्या सोडियमपेक्षा बरंच जास्त लावलं असेल, तर मशीनच तुम्हाला मीठ देऊन घरी पाठवतं. डायलिसिसनंतरच्या संध्याकाळी सर्वांत जास्त तहान लागणं ही त्याची खूण. गोळे येऊ नयेत, बीपी पडू नये म्हणून सोडियम वाढवतात. त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या वेळी वजन जास्त भरतं. विचारून घ्या. तिसरी गोष्ट, तोंडाची कोरड. खाज कमी करायच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन, क्लोनिडीन यांनी तोंड सुकतं. ती तहान नव्हे. तिला चूळ भरून टाकणं, बिनसाखरेचं च्युइंगम, ओठांना मलम एवढं पुरतं.

मोजायची सोपी रीत : सकाळी ७५० मिलीची बाटली भरून ठेवा. चहा, दूध, सूप, गोळीबरोबरचा घोट, जे काही प्याल तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी, दिवस संपला. बर्फ, आइस्क्रीम, जेली हेही पाणीच. साच्यातला बर्फाचा एक खडा साधारण ३० मिलीचा असतो, पण तुमचा साचा एकदा मोजून घ्या. गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतील तर त्या घासाबरोबर गिळता येतात का, पाहा. दररोज सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करा. दिवसाला किलोपेक्षा जास्त वाढ दिसली तर आदल्या दिवशीचं खाणं आठवा. त्यात मीठ सापडतंच.

शेवटी, ७५० हा आकडा कुठून आला तेही तपासा. साधारण सूत्र असं : २४ तासांत होणारी लघवी अधिक ५०० ते ७५० मिली. दोन-तीन महिन्यांतून एकदा दिवसभराची लघवी मोजा. ती ४०० होत असताना ७५० वर अडून राहण्यात अर्थ नाही, आणि ती थांबली असताना जुनी मुभा चालू ठेवणं त्याहून वाईट.

प्रश्न : डोकेदुखीवर कोणती गोळी घेतलेली चालते? किडन्या आता गेल्याच आहेत, मग दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची भीती कशाला?

उत्तर : पॅरासिटामोल चालतं. एका वेळी ५०० ते १००० मिग्रॅ, दोन वेळांमध्ये निदान ६ तास, दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तितकं कमी. पाण्यात विरघळून फेसाळणारी गोळी मात्र नको. तिच्या एका गोळीत ४०० मिग्रॅच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे दोन गोळ्या घेतल्या की २ ग्रॅम मीठ, वर अर्धा पेला पाणी.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन टाळा. उरलीसुरली लघवी यांनी जाते आणि दिवसाला २००-३०० मिली लघवी टिकणं ही डायलिसिसच्या रुग्णासाठी मोठी मिळकत आहे. शिवाय बीपी चढतं, अंगात पाणी साठतं, आणि मशीनवर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिळत असताना पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुकानातल्या मिश्र गोळ्यांत यांपैकी काहीतरी पुष्कळदा असतं, घटक वाचा.

कोडीन आणि मॉर्फिन यांचे अंश किडनीवाटे जातात. ती वाट बंद असल्याने साचून गुंगी आणि श्वास मंदावणं येतं. मान आखडली म्हणून दिलेलं बॅक्लोफेन तर थोड्या मात्रेतही भ्रम आणि बेशुद्धी आणतं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनची मात्रा बरीच कमी ठेवावी लागते. अर्धशिशीच्या सुमाट्रिप्टानसारख्या गोळ्या हृदयविकार किंवा न आवरलेलं बीपी असताना घ्यायच्या नाहीत.

महिन्यात १५ दिवस किंवा जास्त दिवस पॅरासिटामोल लागत असेल तर गोळीनेच डोकेदुखी टिकवून धरलेली असू शकते. मॅग्नेशियमही तपासून घ्या. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर मॅग्नेशियम उतरतं आणि डोकं दुखायला निमित्त होतं. पण मॅग्नेशियमच्या गोळ्या किंवा मॅग्नेशियमवालं ॲसिडिटीचं औषध मनाने सुरू करू नका; जास्त झालेलं बाहेर टाकायला किडनी नाही.

प्रश्न : दिवसाला चार कप कॉफीची सवय आहे. डायलिसिसच्या दिवशी सकाळी पीत नाही. संबंध असेल?

उत्तर : असेल. कॅफीन डायलिसिसमध्ये धुऊन जातं. एरवी हळूहळू उतरलं असतं ते काही तासांत उतरतं, त्यात सकाळचा कपही नाही. मशीनला जोडण्याआधी एक छोटा कप घेऊन पाहा, पाण्याच्या हिशेबात धरून. तीन-चार वेळा फरक पडला तर कारण सापडलं. मग रोजची कॉफी दर आठवड्याला अर्ध्या कपाने कमी करत न्या. एकदम सोडलीत तर आठवडाभर रोजच डोकं दुखेल.

प्रश्न : वडिलांचं कोरडं वजन सहा महिने ६४ किलोच आहे. मध्ये आजारी होते, जेवण निम्म्यावर आलं. आता पहाटे डोकं दुखतं, पायांवर सूज नाही.

उत्तर : कोरडं वजन कायमचं नसतं. जेवण घटल्यावर स्नायू आणि चरबी झिजतात. समजा मांस ३ किलोंनी कमी झालं आणि काटा अजून ६४ दाखवतो, तर ते ३ किलो पाण्याने भरून काढले आहेत. सूज दिसायला बरंच पाणी साचावं लागतं, म्हणून पाय कोरडे दिसणं पुरेसा पुरावा नाही. आडवं झाल्यावर दम लागतो का, उशा वाढल्या आहेत का, सकाळचं बीपी किती, हे बघा आणि डॉक्टरांना आजारपणाचं सांगून वजन नव्याने ठरवायला सांगा. ते दर वेळी ३०० ते ५०० ग्रॅमने खाली नेतात, एका दमात नाही. उलटंही होतं : भूक परतली, अंग भरलं, आकडा तोच राहिला की खरं मांस पाणी समजून ओढलं जातं, मग गोळे, बीपी पडणं आणि मशीनवरची डोकेदुखी.

पहाटेच्या डोकेदुखीला आणखी एक कारण असतं. घोरताना श्वास मध्येच थांबतो का, हे कुणीतरी रात्री पाहावं. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हा त्रास पुष्कळ आढळतो. दिवसा पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घसा अरुंद होतो. आणि फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला) हात, त्या बाजूचा चेहरा सुजत असेल, आडवं झाल्यावर डोकं जड होत असेल, तर छातीतली मोठी शीर अरुंद झाली आहे का, हे तपासावं लागतं.

प्रश्न : मी घरी पोटाचं डायलिसिस करते. वजन आणि डोकेदुखी दोन्ही वाढतंय. जास्त साखरेच्या पिशव्या वाढवू का?

उत्तर : आधी वही काढा. पोटात घातलेलं द्रावण आणि बाहेर आलेलं यांतला फरक म्हणजे निघालेलं पाणी : २००० मिली घातलं, २३०० आलं, तर ३००. पिशवी वजन करून लिहा, अंदाजाने नको. नव्या पिशवीत २००० पेक्षा थोडं जास्तही भरलेलं असतं. निचरा संथ झाला असेल तर बद्धकोष्ठ हे सर्वांत साधं कारण. पोट साफ झालं की नळी पुष्कळदा आपोआप नीट वाहते. नळी पिळली आहे का, निचऱ्यात धाग्यासारखं फायब्रिन आहे का, पाहा. निचरा गढूळ असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी केंद्रात जा.

४.२५ टक्के साखरेची पिशवी एखाद्या दिवशी वापरायला हरकत नाही. रोज वापरली तर अंगात साखर जाते, तहान लागते, आणि पोटाचा पडदा हळूहळू निकामी होतो. बऱ्याचदा अडचण लांब मुक्कामात, म्हणजे द्रावण पोटात बराच वेळ राहतं तेव्हा, असते : साखर रक्तात शोषली जाते आणि मागोमाग पाणी परत जातं. त्या मुक्कामासाठी आयकोडेक्स्ट्रिन (साध्या साखरेऐवजी स्टार्चसारखा पदार्थ असलेलं द्रावण) चालेल का, विचारा. मधुमेह असून ते सुरू केलंत तर ग्लुकोमीटर त्यासाठी चालणारा आहे याची खात्री करा. काही मीटर आयकोडेक्स्ट्रिनच्या अंशांनाही साखर समजून फुगवलेला आकडा दाखवतात, त्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक उतरते.

प्रश्न : डोकं फार दुखलं की आई अर्धा तास आधी मशीन बंद करायला लावते. करू द्यावं का?

उत्तर : रोजचा रिवाज म्हणून नाही. आठवड्याला दीड तास गेला. राहिलेलं पाणी पुढच्या वेळी जास्त वेगाने काढावं लागतं आणि डोकं आणखी दुखतं. मशीन बंद करण्याआधी बीपी घ्यायला सांगा. ते पडलेलं असेल तर पाणी काढणं थांबवून, पाय उंच करून, १०० ते २०० मिली सलाईन देतात. चढलेलं असेल तर सलाईन नको, डॉक्टरांना बोलवा. युरियाचा त्रास वाटत असेल तर रक्ताचा प्रवाह कमी करतात. यांत वीस मिनिटं जातात आणि बहुतेक वेळा पाळी पुरी होते.

प्रश्न : सासूबाई आठवड्यापूर्वी बाथरूममध्ये घसरल्या, डोक्याला किरकोळ लागलं. तेव्हापासून रोज डोकं दुखतं, जास्त झोपतात. डायलिसिस उद्या आहे.

उत्तर : उद्याची वाट पाहू नका, आज रुग्णालयात न्या. हेपरिनमुळे आणि युरियाने बिघडलेल्या प्लेटलेट्समुळे (रक्त गोठवणाऱ्या पेशींमुळे) किरकोळ मारानंतरही मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकतं. उतारवयात तर फारच. डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागेल. डायलिसिस केंद्राला आजच फोन करून पडल्याचं सांगा, म्हणजे स्कॅन पाहीपर्यंत हेपरिन न देता डायलिसिस करता येईल. एकाएकी वीज पडल्यासारखं डोकं दुखणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, फिट येणं यांतलं काहीही दिसलं तर रुग्णवाहिका बोलवा, आणि सोबत औषधांची यादी व शेवटच्या डायलिसिसची तारीख द्या.